‘आयलंड’ या शब्दातला ‘एस’ कधीच उच्चारला जात नव्हता

वेलांटी

मराठी माध्यमाच्या शाळेत मी सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. अवघड स्पेलिंग पाठ करण्याची आमच्याकडे चालत आलेली रीत अशी, की शब्द जसा लिहिला असेल तसाच मनात वाचायचा. ‘नाइफ’ला ‘क्नाइफ’, ‘वेन्सडे’ला ‘वेड-नेस-डे’ आणि ‘आयलंड’ला ‘इस-लंड’. मी स्वतः असेच पाठांतर केले आणि मुलांकडूनही तेच करून घेते. मागच्या आठवड्यात एका मुलीने विचारले, “बाई, यातला एस पूर्वी बोलत होते का?” ‘नाइफ’मधला के एके काळी खरोखर उच्चारला जात असे, हे मी आधीच्या तासाला सांगितले होते; त्यामुळे तिचा प्रश्न रास्त होता. मी “हो, बोलत असत” असे सांगून पुढचा धडा घेतला. घरी येऊन कोश उघडले तेव्हा लक्षात आले, की मी तिला चुकीचे उत्तर दिले. हा धागा त्यासाठीच काढते आहे, कारण हीच समजूत इतर शिक्षकांचीही असेल असे मला वाटते.

‘आयलंड’मधला एस हा उच्चार लोपून मागे राहिलेला वर्ण नाही. तो या शब्दात मुळातच नव्हता. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘ईगलंड’ असा लिहिला जाई आणि त्यातल्या जीचा उच्चार साधारण आपल्या ‘य’सारखा होत असे. जुने इंग्रजी बोलणाऱ्या अँग्लो-सॅक्सन लोकांच्या इतिवृत्ताच्या एका प्रसिद्ध हस्तलिखितात अगदी आरंभीच्याच वाक्यात हा शब्द येतो: ब्रिटन हे बेट आठशे मैल लांब आणि दोनशे मैल रुंद आहे. या शब्दाचे दोन भाग पडतात. दुसरा भाग ‘लंड’, म्हणजे जमीन. पहिल्या भागाचा, ‘ईग’चा, एकट्याचा अर्थही बेट असाच होता आणि त्याच्या मुळाशी ‘पाण्यातले, पाण्याजवळचे’ ही कल्पना होती. पुढे मधल्या काळातल्या इंग्रजीत जी गळाला आणि ‘ईलंड’ हे रूप उरले, जे कधी आयने तर कधी वायने सुरू होई, पण एस कोठेच नसे. नंतर इंग्रजीतले दीर्घ स्वर सरकले, ‘ई’चा ‘आय’ झाला, आणि आजचा उच्चार तयार झाला. उच्चाराची ही वाट अखंड आहे आणि त्या वाटेवर एसचा मुक्काम कधी झालेला नाही.

मग तो आला कोठून? इंग्रजीत बेटासाठी ‘आइल’ हा दुसरा शब्द आहे. तो फ्रेंचमधून आलेला असून त्याचे मूळ लॅटिन ‘इन्सुला’ हे आहे. इंग्रजांनी तो घेतला तेव्हा ‘ईल’ असा, एसशिवाय घेतला. पंधराव्या-सोळाव्या शतकांत लॅटिनच्या अभ्यासाला बहर आला, तेव्हा लिहिणाऱ्यांनी ‘इन्सुला’ची आठवण ठेवून ‘आइल’मध्ये एस परत घातला. तेथे तो परत घालण्याला निदान काही आधार होता. परंतु ‘ईलंड’ हा शब्दही याच ‘ईल’ला ‘लंड’ जोडून झाला असावा, असा समज तोवर पक्का झाला होता आणि काही जण तो ‘ईल-लंड’ असा फोडूनही लिहीत. म्हणून एका घरचा एस दुसऱ्या घरात गेला. दोन्ही शब्दांचा अर्थ एक आणि आरंभीचा ध्वनी एक, एवढ्यावरून नाते मानले गेले. प्रत्यक्षात दोघांमध्ये रक्ताचा थेंबही समान नाही.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. 1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये हा शब्द एस न घालता छापलेला आढळतो. 1623 साली शेक्सपिअरच्या नाटकांचा जो संग्रह निघाला, त्यात ‘द टेम्पेस्ट’चे स्थळ सांगताना निर्जन बेटाचा उल्लेख आहे आणि तेथे एस आहे. दोन्ही पुस्तके लंडनमध्येच छापली गेली होती आणि त्यांच्यात अंतर केवळ 12 वर्षांचे आहे. साधारण 1700च्या सुमारास एस असलेले रूप स्थिरावले.

मला सर्वांत बोलका पुरावा वाटला तो डच भाषेचा. डच ही इंग्रजीची जवळची बहीण. तिच्यात बेटाला जो शब्द आहे, तो ‘ई-आय-एल-ए-एन-डी’ असा लिहितात. जर्मनमध्येही तसाच एक शब्द काव्याच्या भाषेत टिकून आहे. दोन्हींत एसचा मागमूस नाही. इंग्रजी शब्द आपल्या बहिणींसारखाच होता. त्याला परका दागिना नंतर चढवला गेला.

जाणकारांनी यात भर घालावी आणि माझे काही चुकले असल्यास अवश्य दाखवून द्यावे.


दुसरा_उकार

वेलांटीताई, आपण मांडलेला क्रम बरोबर आहे. ‘ईल’ हा शब्द इंग्रजीत एसशिवाय का आला, याचे कारण मात्र सांगण्यासारखे आहे, कारण ते फार सुरेख आहे.

लॅटिन ‘इन्सुला’मधला न बोलभाषेत फार लवकर गळाला. इटालियनमध्ये ‘इझोला’ आणि स्पॅनिशमध्ये ‘इस्ला’ झाले, जुन्या फ्रेंचमध्ये ‘इस्ल’ झाले. पुढे फ्रेंचमध्ये व्यंजनापूर्वीचा स गळू लागला. पण तो सगळीकडे एकाच वेळी गळाला नाही. ल, म, न अशा घोष व्यंजनांपूर्वीचा आधी गेला, तर त, प, क अशा अघोष व्यंजनांपूर्वीचा पुष्कळ नंतर. 1066 साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर फ्रेंच शब्दांचा ओघ सुरू झाला, तो नेमका या दोन टप्प्यांच्या मध्ये. म्हणून ‘फीस्ट’, ‘बीस्ट’, ‘फॉरेस्ट’, ‘कोस्ट’ हे शब्द इंग्रजीत स घेऊन आले आणि आजही तो बोलला जातो. ‘ब्लेम’, ‘डाइन’ आणि ‘आइल’ हे शब्द आले तोवर त्यांचा स जिभेवरून उतरला होता. फ्रेंचांनी नंतर आपल्या घरचा स सगळीकडेच सोडला आणि 1740च्या त्यांच्या अकादमीच्या कोशाने असे पुष्कळ एस लेखनातूनही काढून टाकले. त्या जागी स्वरावर छोटे छप्पर आले. म्हणजे ज्यांच्याकडून इंग्रजांनी शब्द घेतला, ते आज एस लिहीत नाहीत. ज्यांनी उसना घेतला, ते लिहितात.

आणखी एक गोष्ट. ‘आयलंड’चे लॅटिनशी नाते अजिबात नाही असे म्हणता येणार नाही, ते भलत्याच शब्दाशी जोडले गेले, एवढेच. ‘ईग’ज्या मुळापासून आला, त्याच मुळाचा लॅटिन वंशज म्हणजे ‘अॅक्वा’, पाणी. जुन्या इंग्रजीत नदीला ‘एआ’ म्हणत, तोही याच कुळातला; इटन या गावाच्या नावात तो आहे, ‘नदीकाठची वाडी’ असा त्याचा अर्थ. तेव्हा विद्वानांना लॅटिन सोयरीक दाखवायचीच होती, तर ती घरातल्या अॅक्वेरियमशी दाखवायला हवी होती.


अर्धविराम

धागा आवडला, परंतु त्या काळच्या विद्वानांवर थोडा अन्याय होतो आहे असे वाटते. ‘डेट’ म्हणजे कर्ज आणि ‘डाउट’ म्हणजे शंका या शब्दांत त्याच लोकांनी बी घातला. तोही कधी उच्चारला गेला नाही. पण हे शब्द लॅटिन ‘डेबिटुम’ आणि ‘डुबितारे’ यांच्यापासूनच उतरलेले आहेत, म्हणजे त्यांची व्युत्पत्ती खरी होती. ‘रिसीट’मधल्या पीचेही तसेच. शब्दाचे मूळ लेखनात दिसावे, ही इच्छा वाईट नव्हे. आपण मराठीतही तत्सम शब्दांची ऱ्हस्व-दीर्घे मुळाप्रमाणे लिहितोच की. म्हणून ‘आयलंड’चा एस हा पद्धतीचा दोष नसून एका शब्दापुरता चुकलेला अंदाज आहे, असे मला म्हणावेसे वाटते.


वेलांटी

अर्धविराम, आपला मुद्दा मला बराचसा मान्य आहे. ‘डेट’ आणि ‘आयलंड’ हे मी एकाच माळेत ओवणार नाही. तरीही चूक एकाच शब्दापुरती राहिली नाही. ‘सिझर्स’ म्हणजे कात्री; हा शब्द कापण्याच्या अवजाराला असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दातून आला आणि त्यात एसनंतर सी असण्याचे काही कारण नव्हते. लॅटिनमध्ये ‘फाडणे’ या अर्थाचे ‘स्किंदेरे’ हे क्रियापद आहे, त्याच्यावरून तो बसवला गेला. ‘आयलंड’चा एस तर शेजारच्या आणखी एका शब्दालाही लागला. चर्चमधल्या बाजूच्या भागाला आणि आता विमानातल्या वा दुकानातल्या बोळाला जो ‘आइल’ म्हणतात, तो लॅटिन ‘आला’ म्हणजे पंख यापासून आला आहे. उच्चार सारखा झाल्यामुळे तो बेटाच्या ‘आइल’मध्ये मिसळला आणि त्यालाही एस मिळाला, नंतर फ्रेंच ‘पंखा’ची आठवण होऊन अठराव्या शतकात त्याच्या आरंभी एक ‘ए’देखील जोडला गेला. खरे मूळ आणि खोटे मूळ असे दोन्ही त्या पाच अक्षरांत आज शेजारी शेजारी बसले आहेत. मला हा शब्द पाहताना वाईट वाटते, कारण मुलांना त्यातले एकही अक्षर कारणासह समजावून सांगता येत नाही.


थेम्सकाठी

मी 14 वर्षे लंडनमध्ये राहते. हा धागा वाचल्यावर रोजच्या बसवरच्या पाट्या निराळ्या दिसू लागल्या, म्हणून लिहिते.

‘ईग’ हा जुना शब्द एकटा म्हणून वापरातून गेला असला, तरी गावांच्या नावांच्या शेवटी तो जिवंत आहे. बॅटर्सी म्हणजे बॅड्रिक नावाच्या माणसाचे बेट, बर्मंडसी म्हणजे बेओर्नमुंडचे बेट. आज ही दोन्ही ठिकाणे चांगली भरवस्तीची आहेत आणि चहूबाजूंनी पाणी कोठेच नाही. याचे कारण असे, की जुन्या इंग्रजीत दलदलीतल्या कोरड्या उंचवट्यालाही ‘ईग’च म्हणत आणि थेम्सचे दोन्ही काठ तेव्हा पाणथळ होते. वेस्टमिन्स्टरचे मठमंदिर ज्या उंचवट्यावर उभे राहिले, त्याचे नाव थॉर्नी, म्हणजे काटेरी झुडपांचे बेट. केंटच्या किनाऱ्यावरचे शेपी म्हणजे मेंढ्यांचे बेट. त्याला आता ‘आइल ऑफ शेपी’ म्हणतात, म्हणजे ‘मेंढ्यांच्या बेटाचे बेट’. जर्सी, गर्न्सी, अँगलसी, ऑर्कनी यांच्या शेवटी जो ‘ई’ ऐकू येतो, तो स्कँडिनेव्हियातल्या नॉर्स लोकांच्या बोलीतला त्याच शब्दाचा भाऊ आहे. या एकाही नावात एस बेटाचा नाही; ‘जर्सी’ किंवा ‘बर्मंडसी’मध्ये जो दिसतो तो आधीच्या शब्दाचा आहे.

थेम्समध्ये लहान लहान बेटे आहेत, त्यांना येथे ‘एट’ म्हणतात. चिझिक भागात असे एक आहे. भरती-ओहोटीप्रमाणे त्याच्या एका बाजूचा पाण्याचा पट्टा भरतो आणि आटतो, आणि ओहोटीला चिखलातून तेथे चालत जाता येते. ‘एट’ हे ‘ईग’चेच लहान रूप. सामान्य लोकांनी बोलण्यात जपलेला हा शब्द पंडितांच्या हाती लागला नाही, म्हणून त्याला एस चिकटला नाही, असे मला वाटते.

मुलांसाठी एक सूचना करावीशी वाटते. ‘आइसलंड’ या देशाचे नाव आणि ‘आयलंड’ यांत त्यांची गल्लत होते, माझ्या मुलाचीही झाली होती. ‘आइसलंड’मधला स बर्फाचा आहे आणि तो खराखुरा बोलायचा आहे. आयर्लंडचाही बेटाच्या शब्दाशी संबंध नाही, ते स्वतः बेट असले तरी.


निवृत्त_वैद्य

‘इन्सुला’च्या खऱ्या वंशजांविषयी लिहितो. 1869 साली पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला स्वादुपिंडात सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे वेगळे दिसणारे पुंजके आढळले. भोवतालच्या ऊतीच्या समुद्रात ते बेटांसारखे विखुरलेले होते आणि त्यांना पुढे लांगरहान्सची बेटे असेच नाव पडले. या बेटांतून एखादे द्रव्य स्रवत असावे असा तर्क झाल्यावर, ते द्रव्य हाती येण्याच्या आधीच, 1909 साली झाँ द मेयर याने त्याच्यासाठी ‘इन्सुलिन’ हे नाव सुचवले. 1921 साली टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांना ते वेगळे करण्यात यश आले. आज मधुमेही माणसाच्या घरी शीतकपाटाच्या दारात ठेवलेल्या कुपीवर ‘इन्सुला’ लिहिलेले असते, न आणि स दोन्हींसह.

‘आयसोलेशन’ हा शब्द इटालियन ‘इझोला’वरून, फ्रेंचमार्गे आला. रुग्णाला बेटासारखे वेगळे ठेवणे, हा त्याचा शब्दशः अर्थ. वीजतंत्र्यांची ‘इन्सुलेशन टेप’ही याच घराण्यातली. म्हणजे इन्सुलिन, आयसोलेशन आणि इन्सुलेशन ही सख्खी भावंडे आहेत, ‘आइल’ हे त्यांचे चुलत भावंड, आणि ज्या शब्दाला आपण या सगळ्यांचा म्होरक्या समजतो, तो ‘आयलंड’ मात्र त्यांच्यात कोणीच नाही.


तटबंदी

मी मालवणचा. कुरटे बेटावर उभा असलेला सिंधुदुर्ग लहानपणापासून समोर पाहत आलो, त्यामुळे ‘बेट’ हा शब्द आमच्या रोजच्या बोलण्यातला. कळकाच्या दाट जाळीलाही आम्ही बेटच म्हणतो. संस्कृत ‘द्वीप’ शब्दाकडे मात्र या धाग्यामुळे पुन्हा पाहिले.

‘द्वीप’ म्हणजे द्वि अधिक अप्. ज्याच्या दोन्ही बाजूंना पाणी आहे ते. ‘अप्’मधल्या अचा ई का होतो, याचा नियम पाणिनीने सहाव्या अध्यायात दिला आहे आणि ‘समीप’, ‘अंतरीप’ हे शब्दही त्याच नियमाने साधतात. इंग्रजांच्या पूर्वजांनी बेटाला पाण्यावरून नाव दिले आणि आपल्या पूर्वजांनीही पाण्यावरूनच दिले, हे पाहून मला फार आनंद झाला. ‘द्वीप’ पुढे झिजून ‘दीव’ झाले आणि गुजरातच्या किनाऱ्याजवळच्या त्या बेटाचे तेच नाव पडले. मालदीव, लक्षद्वीप यांच्या शेवटीही तेच आहे. सिंहलद्वीपाचे अरबांनी ‘सरंदीब’ केले आणि त्यावरून 1754 साली होरेस वॉलपोल याने एका पत्रात ‘सेरेंडिपिटी’ हा शब्द घडवला. इंग्रजीत बेटाचा संस्कृत शब्द असा आडवाटेने शिरला आणि कोणी त्याचे स्पेलिंग सुधारायला गेले नाही.

‘द्वीपकल्प’ हा शब्दही पाहावा. ‘कल्प’ हा प्रत्यय ‘जवळजवळ तसे, पण किंचित अपुरे’ या अर्थी लागतो. लॅटिनमध्ये ‘पाएने’ म्हणजे जवळजवळ, त्याला ‘इन्सुला’ जोडून ‘पेनिन्सुला’ झाला. दोन्ही शब्दांची घडण तंतोतंत सारखी आहे.


खिळे_जुळारी

मी मुद्रितशोधनाचे काम करतो, म्हणून माझ्या टेबलावरचे उदाहरण देतो. ‘सहस्र’ या शब्दात त नाही. ‘स्रोत’, ‘हिंस्र’, ‘अजस्र’ यांतही नाही. तरी माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात निम्म्याहून अधिक वेळा ‘सहस्त्र’, ‘स्त्रोत’, ‘हिंस्त्र’ असेच लिहिलेले असते. ‘स्त्री’, ‘शास्त्र’, ‘वस्त्र’ हे शब्द डोळ्यांत बसलेले असतात आणि त्यांच्या ओळखीने त परक्या शब्दांत शिरतो. लिहिणारा निष्काळजी असतो असे नाही. त्याला आपण अधिक शुद्ध लिहितो आहोत असेच वाटते. ‘मनस्ताप’मध्ये विसर्ग घालणाऱ्याचेही तेच. ‘आयलंड’मधल्या एसची जात हीच आहे.

फरक एवढाच, की इंग्रजीत एस कागदावर राहिला, बोलणाऱ्यांनी त्याला तोंडात घेतले नाही. आपल्याकडे लेखन उच्चाराच्या जवळचे असल्यामुळे ‘सहस्त्र’ लिहिणारा ‘सहस्त्र’ म्हणूही लागतो. इंग्रजी मुलांना पाठांतर करावे लागते हे खरे, पण त्यांचा जुना उच्चार तरी शाबूत राहिला. आपल्याकडे चुकीने दोन्ही गोष्टी जातात. म्हणून मी आजही प्रत्येक पानावर तो त काढतो आणि काढत राहीन.


अर्धविराम

खिळे जुळारी, उदाहरण चपखल आहे. मग एक प्रश्न पडतो. ‘सहस्त्र’ आपण सुधारतो, तर इंग्रजांनी ‘आयलंड’ का सुधारले नाही?


दुसरा_उकार

प्रयत्न झाला होता. अमेरिकेतला कोशकार नोआ वेब्स्टर याने 1828च्या आपल्या मोठ्या कोशात या स्पेलिंगवर कडक टीका केली. ‘आइल’ म्हणजे बेट, त्याला पुन्हा ‘लंड’ जोडणे ही विसंगत जोडणी असून ती केवळ पुस्तकांत आढळते, लोकांच्या तोंडी असलेला शब्द सॅक्सन वंशाचा आहे, हे त्याने स्पष्ट लिहिले आणि ‘आय-ई-एल-ए-एन-डी’ हे स्पेलिंग पुढे केले. त्याचे म्हणणे व्युत्पत्तीच्या दृष्टीने बरोबर होते. ‘कलर’मधला यू काढणे आणि ‘सेंटर’चा शेवट बदलणे अमेरिकेने त्याच्याकडून स्वीकारले, पण बेटाचा एस कोणी काढला नाही. माझ्या मते कारण साधे आहे. ‘कलर’ची दोन्ही रूपे तेव्हा चालत होती आणि वेब्स्टरने त्यांतल्या एकाची बाजू घेतली, ‘आयलंड’चे दुसरे रूप मात्र शंभरेक वर्षांपूर्वीच छापखान्यांतून नाहीसे झाले होते. वापरात असलेल्या दोन रूपांतून निवड करवून घेता येते, गेलेले रूप परत आणणे फार कठीण जाते. ‘सहस्र’ अजून आपल्या पुस्तकांत आणि पोथ्यांत जिवंत आहे, म्हणून खिळे जुळारी यांच्या कामाला अर्थ आहे.


वेलांटी

सर्वांचे मनापासून आभार. आज वर्गात मी त्या मुलीला आणि सगळ्यांनाच सांगितले, की मागच्या वेळी माझे उत्तर चुकले होते. फळ्यावर ‘नाइफ’ आणि ‘आयलंड’ शेजारी लिहिले. के हा पूर्वी बोलला जात असे, म्हणून त्याच्याखाली रेघ मारली. एस नंतर कोणीतरी घातला, म्हणून त्याला गोल केला. परीक्षेत दोन्ही लिहायचेच, हे बजावले आणि ‘इस-लंड’ ही पाठांतराची रीतही राहू दिली. मुलांना शेपीच्या मेंढ्या सर्वांत जास्त आवडल्या. तास संपताना त्याच मुलीने वहीत लिहून आणलेला प्रश्न दाखवला: ‘कुड’, ‘वुड’ आणि ‘शुड’ या तिघांतला एल रेघेचा की गोलाचा? या वेळी घाईने उत्तर न देता येथे विचारते आहे.


दुसरा_उकार

‘वुड’ आणि ‘शुड’ला रेघ मारावी. ती ‘विल’ आणि ‘शॅल’ यांची भूतकाळी रूपे आहेत, त्यांचा एल मूळचा आहे आणि पूर्वी बोलला जात असे. ‘कुड’ हे ‘कॅन’चे रूप आहे, ‘कॅन’मध्ये एल नाही आणि जुन्या इंग्रजीत त्याच्या भूतकाळातही नव्हता. शेजारच्या दोघांचे पाहून तो साधारण पंधराव्या-सोळाव्या शतकांत घातला गेला. त्याला गोल करावा.